बंगलोरी वांग्याचं येपुडू

पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरात आमची रविवारची सकाळ पाट्यावर लसूण ठेचल्याच्या आवाजानं सुरू व्हायची. बाकीच्या दिवशी अप्पा उजाडायच्या आत लायनीवर निघून गेलेले असायचे. ते रेल्वेच्या गँगमध्ये होते. रुळाखालची खडी ठोकून बसवायची, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या की आवळायच्या, उन्हापावसात मैलोन्‌मैल चालायचं, हे त्यांचं काम. रविवारी मात्र ते घरी असायचे. बाहेरच्या खोलीत बनियनवर बसून दाढी करायचे आणि मधूनच मला आत आवाज द्यायचे, “सुमे, लसणाचा वास आला बरं का!” स्वयंपाकघरात अम्मा पाट्यासमोर बसलेली असायची. तो पाटा माझ्या आज्यानं स्वतःच्या हातानं घडवलेला होता. आमचे आजे-पणजे दगड फोडणारे. विहिरी खोदल्या, गावोगावच्या जात्या-पाट्यांना टाकी लावली, आणि पुढं लायनीला खडी लागायला लागली तसे रेल्वेच्या मागं मागं फिरत पूर्णेला येऊन थांबले. जंक्शनाचं गाव. शंटिंग करणाऱ्या इंजिनाची शिट्टी दिवसभर कानावर, आणि दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यावर कोळशाची काजळी. अम्मा कपडे घडी करण्याआधी प्रत्येक कपडा दोनदा झटकायची.

घरात आम्ही चौघं. अप्पा, अम्मा, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी सावित्रीअक्का आणि मी. बोलणं अर्धं तेलुगू, अर्धं मराठी, आणि रागावलं की अप्पांच्या तोंडून हैदराबादी उर्दू. आमच्या लोकांत डुकराचं मटण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. रविवारी लायनीपलीकडं डुक्कर कापलं जायचं, पळसाच्या पानांवर वाटे लागायचे, आणि अप्पा त्यातला एक वाटा पिशवीत घालून आणायचे. ती पिशवी लपवून आणलेली मी कधी बघितली नाही. पण कॉलनीतल्या काही बायका आम्हाला नळावर वेगळ्या रांगेत उभं करायच्या, आणि शाळेत माझ्या डब्याकडं बघून पोरी सरकून बसायच्या, हेही खरंच होतं. अम्मा म्हणायची, “सरकू दे. तुला बसाया जागा लय मिळंल.”

आमच्या कढईत जे शिजायचं त्याला अम्मा येपुडू म्हणायची. येपुडू म्हणजे रस्सा न करता नुसतं परतलेलं. कॉलनीतल्या इतर घरांत मटण म्हटलं की येसराचा मसाला घातलेला झणझणीत रस्सा असायचा. अम्माला रस्सा आवडायचा नाही. “पाणी वाढवून माणसं फसवायची,” असं ती म्हणायची. तिची रीत अगदी साधी. चरबीसकट बारीक केलेले तुकडे गरम पाण्यानं धुवायचे, हळद-मीठ लावून लोखंडी कढईत टाकायचे, बुडाला लागेल एवढंच पाणी घालून झाकण ठेवायचं. तेलाचा थेंबसुद्धा नाही. पाणी आटलं की चरबी सुटायला लागते आणि कढईचा आवाज बदलतो. आधी बुडबुड, मग चुरचुर. अम्मा मला शेगडीसमोर बसवून पाठ फिरवायला लावायची आणि विचारायची, “आता काय करायलंय?” मी आवाजावरून सांगायचं. ठेचलेला लसूण, सुकी मिरची आणि भरडलेले धने त्या चरबीतच परतायचे. तुकड्यांच्या कडा तांबूस झाल्या की भाजी टाकायची. कधी दोडका, कधी गवार, कधी नुसता कांदा. आणि आमचं नशीब चांगलं असेल त्या रविवारी बंगलोरी वांगं.

हे वांगं खरं म्हणजे वांगं नव्हेच. फिकट हिरवं, पेरूएवढं, खालच्या अंगाला मिटलेल्या ओठांसारखी चीर असलेलं फळ. चव काकडी आणि कोवळ्या दुधीच्या मधली कुठली तरी. आमच्या बाजारात ते कुणी बघितलेलं नव्हतं. ते यायचं रामुलूमामांबरोबर. रामुलूमामा मालगाडीचे गार्ड. हैदराबादकडून गाडी घेऊन यायचे, पूर्णेच्या रनिंग रूममध्ये आराम करायचे आणि परत जायचे. अप्पांची नि त्यांची दोस्ती कशी जमली ते मला ठाऊक नाही. मला कळायला लागलं तेव्हा ते आमच्या घरचेच होते. पांढऱ्या युनिफॉर्मातला तो उंच माणूस दारात वाकून आत यायचा आणि पिशवी अम्मासमोर ठेवायचा. “वदिना, इंजिनापेक्षा ह्येच जड झालंय.” वदिना म्हणजे वहिनी. सोलायचं काम माझ्याकडं. त्याचा चीक बोटांना लागला की कातडी ताठ होते, जणू पातळ कागद चिकटलाय. मी पाण्यात हात बुडवून सोलायची. मधली मऊ बी अक्का तशीच कच्ची खाऊन टाकायची.

परवा माझ्या नातीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्या तरी दूरदेशातली बाई डुकराचं मटण आणि हीच भाजी मोठ्या कढईत भराभर परतत होती. “आजी, ही तर तुझी रेसिपी!” नात म्हणाली. मी चष्मा लावून पुन्हा एकदा बघितलं. ती बाई तेल घालत होती. ते सोडलं तर सगळं बरोबर होतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दिवसभर मी सुनेला तेच तेच ऐकवत होते.

आता त्या रविवारचं सांगते.

अक्काला स्थळ आलं होतं. आणणारी नरसामावशी, अम्माची धाकटी बहीण. मुलाकडचे सेलूजवळच्या देवगाव फाट्याचे, आमच्याच लोकांतले. मुलाचा बाप दगडाच्या कामावरून वर चढत चढत गुत्तेदार झाला होता. रस्त्यांची गुत्ती, म्हणजे कंत्राटं, घ्यायचा, इंजिनिअर लोकांत उठबस. त्यानं गळ्यात माळ घातली होती आणि घरातून डुकराचं मटण पार बंद केलं होतं. मुलगा, व्यंकट, बापाच्या कामावर देखरेख करायचा. घर सिमेंटचं, दारात ट्रॅक्टर. नरसामावशी हे सगळं सांगताना हात असे पसरायची की ट्रॅक्टर आमच्याच खोलीत येऊन उभा राहिलाय असं वाटावं. बघायला यायचं ठरलं सोमवारी. मावशीनं अम्माला बजावलं, “रविवारी रातीपस्तोर भांडी राखेनं घासून काढा. वास ऱ्हायला न्हाई पायजे. इचारलं तर सांगायचं, आमच्यातबी बंद हाय.”

अम्मानं मान डोलावली. अप्पा पानाला चुना लावत बसले. अक्का दाराशी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. अक्का तशी मुळात अबोल. कॉलनीतल्या बायका तिला गरीब गाय म्हणायच्या आणि ते ऐकून मला राग यायचा, कारण घरात तीच माझ्या वेण्या इतक्या आवळून घालायची की डोळे ओढले जायचे.

रविवारी अप्पांनी वाटा आणला. रामुलूमामांची पिशवी आदल्या दिवशीच आली होती. अम्मा म्हणाली, दुपारी खाऊन घेऊ, मग सगळं सारवून धुऊन काढू. तिला पाव्हण्यांसाठी पुरणाची डाळ निवडायची होती, म्हणून कढई माझ्याकडं आली. पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकटीनं करायची ती पहिलीच वेळ. मी पाटावर ऐटीत बसले होते. पाणी आटलं, चुरचुर सुरू झाली, लसूण पडला आणि तो वास खिडकीतून गल्लीभर गेला. तेवढ्यात बाहेर नरसामावशीचा आवाज आला. तिचा नेहमीचा ठणठणीत आवाज नव्हता तो. खोल गेलेला.

“दाजी… पाव्हणे आलेत.”

गुत्तेदाराला सोमवारी नांदेडला काम निघालं होतं, म्हणून ते लोक एक दिवस आधीच सेलूहून सकाळच्या पॅसेंजरनं येऊन उतरले होते. स्टेशनाशेजारीच मावशीचं घर. ती तरी काय करणार, घेऊन आली. बाहेरच्या खोलीत पांढऱ्या धोतरातला गुत्तेदार, त्याची बायको तुळसाबाई आणि व्यंकट. अप्पा बनियनवरच हात जोडून उभे राहिले. मधे नुसता एक पडदा, आणि पडद्याअलीकडं माझी कढई.

मावशी पडदा सारून आत आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. “उचल ते! मोरीत टाक! न्हाईतर शेजारच्या क्वार्टरात नेऊन ठिव. इचारलं तर त्यांच्याकडचा वास हाय म्हणू.”

अम्मानं पदर हातावर गुंडाळला आणि कढईचे कान धरले. तिनं कढई शेगडीवरून उचललीसुद्धा. तेवढ्यात अक्का पुढं झाली. नुकतीच न्हाऊन आली होती, केस ओलेच होते. तिनं अम्माच्या मनगटावर हात ठेवला.

“अम्मा, ठिव खाली.”

“काय करायलीस, सावित्री? सोड.”

“खोटं कामून बोलायचं? आपण काय चोरी केली का?”

“अगं, लग्न मोडंल!” मावशी दबक्या आवाजात ओरडली.

“मोडलं तर मोडलं. आज शेजाऱ्याचं नाव सांगू. उद्या मी तिकडं गेले की रोज काय सांगू? अप्पाचं घर कसलं, इचारलं तर काय सांगू?”

ती एवढं एका दमात बोलल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. अम्मानं कढई परत शेगडीवर ठेवली, पण ती अप्पांनाच हाक मारणार हे मला दिसत होतं. हाक मारायची गरज पडली नाही. अप्पा पडद्यातून आत आले होते. सगळं त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी एकदा अक्काकडं बघितलं. मग माझ्याकडं वळले.

“सुमे, शिजलं का?”

“अजून बंगलोरी वांगं टाकायचंय, अप्पा.”

“मग टाक की. करपंल न्हाईतर.”

मी टाकलं. कढई केवढ्यानं फुसकारली! मावशी कपाळाला हात लावून भिंतीला टेकली. अप्पा बाहेर गेले, खुंटीवरचा सदरा घातला, गुंड्या लावल्या आणि पाव्हण्यांसमोर सतरंजीवर बसले. मी परतता परतता पडद्याच्या फटीतून बघत होते.

“पाव्हणे, खरं सांगतो,” अप्पा म्हणाले. “घरात डुकराचं शिजायलंय. तुमच्यात चालत न्हाई, मला ठावं हाय. तुमाला पिठलं-भाकर करू. भांडं दुसरं, चूल दुसरी.”

गुत्तेदार माणूस वाईट नव्हता, एवढं मी आजही म्हणेन. त्यानं आवाज चढवला नाही. “आमी उद्या आलो असतो,” तो म्हणाला, “तर ह्ये सांगितलं असतं का तुमी?”

अप्पांनी खाली बघितलं. मला वाटलं, आता ते हो म्हणतील. कोण म्हणणार नाही? पण ते म्हणाले, “न्हाई. उद्या आला असता तर न्हाई सांगितलं असतं. ह्ये माझ्या पोरीनं सांगाया लावलं.”

गुत्तेदारानं अक्काला बोलावलं. ती तशीच ओल्या केसांनी, पदर नीट करून बाहेर गेली. चहाचा ट्रे नाही, नवी साडी नाही.

“तू सांगाया लावलं?”

“हाव.”

“आमच्या घरात तुला ह्ये मिळायचं न्हाई.”

“न्हाई मिळालं तर न्हाई खायची. माझं काय अडणार न्हाई,” अक्का म्हणाली. “पर आधी खात होते, माझे आई-बाप खातात, ह्ये लपवायची न्हाई. कुणी इचारलं तर सांगीन.”

व्यंकट तिच्याकडं बघत होता. पहिल्यांदाच नीट बघत होता, असं मला वाटलं. गुत्तेदार खिडकीबाहेर बघायला लागला. आणि तेव्हा इतका वेळ एक शब्द न बोललेली तुळसाबाई बोलली.

“मला वाढा.”

“काय?” गुत्तेदारानं विचारलं.

“भूक लागलीय. सकाळधरनं पोटात काय न्हाई. मला ह्येंच्यातलं वाढा.” नवऱ्याकडं तिनं बघितलंच नाही.

तिचं ताट मीच वाढलं. ज्वारीची भाकरी, शेजारी येपुडू आणि कांद्याची फोड. ती पडद्याआड गेली नाही. तिथंच, नवऱ्याच्या समोर, सतरंजीवर मांडी घालून जेवली. सावकाश, एक एक तुकडा चावून. मधेच थांबून म्हणाली, “आमची आई यात दोडका टाकायची.” मग अजून अर्धी भाकरी मागितली. हात धुताना तिनं मला विचारलं, “कुणी केलं?”

“मी केलं.”

“हात चांगला हाय तुझा,” ती म्हणाली आणि ओल्या हातानंच माझी हनुवटी धरली. आयुष्यात पुढं मला बऱ्याच लोकांनी बरंच काही चांगलं म्हटलं, पण त्या हाताचा ओलावा अजून जागच्या जागी आहे.

गुत्तेदार फक्त चहा प्याला. व्यंकटनं पिठलं-भाकरी खाल्ली. संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. निरोप आठवड्याभरात आला, तोही नरसामावशीकडूनच. पोरगी गुणाची आहे, पण आमच्या घराला झेपायची नाही. मावशी तो निरोप सांगून पुढं बरंच बोलली. ट्रॅक्टर गेला, सिमेंटचं घर गेलं, आता या पोरीला कोण करणार. अम्मा त्या दिवशी शेगडीसमोर बसून रडली. अक्का रडली नाही, पण ती जेवली नाही. व्यंकट तिला आवडला होता, हे तिनं मला फार पुढं, दोघींचे केस पिकल्यावर सांगितलं.

कॉलनीत बोभाटा झालाच. नळावर बायका कुजबुजायच्या. अप्पांनी काय केलं, तर ते स्वतः नळावर गेले. गडीमाणूस कधी नळावर जायचा नाही; ते बादली घेऊन गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “कुणाला ऐकायचं असंल तर माझ्याकडनं ऐका. माझ्या पोरीचं स्थळ मोडलं. कामून मोडलं? तर ती खोटं बोलली न्हाई म्हणून मोडलं.” आणि बादली भरून घरी आले. अम्मानं त्यांना वेड्यात काढलं. मला मात्र त्या दिवशी आमची गल्ली एकदम रुंद झाल्यासारखी वाटली.

अक्काचं पुढं चांगलं झालं. दोन वर्षांनी लोको शेडमधल्या एका फिटरशी तिचं लग्न लागलं. तो साधा माणूस, तिच्याहून अबोल. तिनं पूर्णेतच खानावळ चालवली. ड्रायव्हर-गार्ड लोक गाडी वेळेवर असो की नसो, तिच्याकडं जेवून जायचे, आणि रविवारी काय शिजलंय ते ती दारातल्या फळीवर खडूनं स्पष्ट लिहायची. मी शिकले, नर्स झाले, परभणीला नोकरी केली. ड्युटीवर डब्यात काय आणलंय असं कुणी विचारलं की मी नाव घेऊन सांगायची. कुणी उठून जायचं, कुणी बसायचं, एक-दोघी तर हळूच ताटली पुढं करायच्या. हे मला अवघड का गेलं नाही, असं माझ्या सुनेनं एकदा विचारलं. अवघड काम आमच्या घरात आधीच कुणीतरी करून ठेवलं होतं, एवढंच मी तिला सांगितलं.

निरोप आला त्यानंतरच्या रविवारी अप्पांनी गँगमधल्या दोघातिघांना आणि रामुलूमामांना जेवायला बोलावलं. कशाबद्दल म्हणून कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अम्मा अजून घुश्शात होती, पण पाटा तिनं कुणाच्या हाती दिला नाही. मी भाजी सोलली, अक्कानं परतलं. भाकऱ्यांची चळत लागली. बाहेरच्या खोलीत सतरंजी पसरून पुरुष बसले. आमच्या घरात पहिलं ताट अप्पांचं असायचं. त्यांनी घास घेतला की मग बाकीच्यांनी. अक्कानं भरलेलं ताट आणून त्यांच्यापुढं ठेवलं आणि वळली.

“थांब,” अप्पा म्हणाले. त्यांनी सरकून आपल्या शेजारी जागा केली. “बस हितं.”

“अप्पा, लोकं जेवायचीत…”

“जेवतील. बस.”

अक्का अवघडून बसली. अप्पांनी आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्यापुढं ठेवलं. रामुलूमामा भाकरीकडं गेलेला हात मागं घेऊन बसले, बाकीचेही थांबले. दाराच्या चौकटीत अम्मा उभी होती, कपाळावर पिठाचा हात तसाच.

“खा,” अप्पा म्हणाले. “तू घेतल्याबिगर आज कुणी हात लावायचं न्हाई.”

अक्कानं भाकरीचा तुकडा मोडला.